जिंतूरजवळच्या ओसरीतली तोंडी परीक्षा

निघण्याच्या आदल्या दिवशी मी मनीषाचा निकाल लिहून टाकला होता. प्रवास त्यानंतरचा. हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं त्यात माझी बाजू चांगली दिसत नाही, आणि हे लिहिताना क्रम बदलण्याचा मोह मला दोन-तीनदा झाला.

मी पुण्यात इटालियन शिकवते. परदेशी दवाखान्यांत नर्स पाठवणारी एक संस्था आहे, तिचे ऑनलाइन वर्ग घेते. माझ्या आठ जणींच्या वर्गात मनीषा होती. जिंतूर तालुक्यातल्या एका गावात तिचं सासर, नोकरी जिंतूरच्या एका खासगी दवाखान्यात. आठ महिने आम्ही आठवड्यातून चार संध्याकाळी एकमेकींना पडद्यावर पाहत होतो आणि इटालियन-इंग्रजी सोडून एक शब्द बोललो नव्हतो. संस्थेचा नियम असा की अंतिम यादीत नाव जाण्याआधी शिक्षिकेने प्रत्येकीची तोंडी परीक्षा समोरासमोर घ्यायची. बाकी सात जणी पुण्याला येऊन परीक्षा देऊन गेल्या. मनीषाने तीन वेळा तारीख बदलली आणि शेवटी निरोप पाठवला, की घर सोडून येता येत नाही, तुम्ही याल का.

मी एकटी फारशी कुठे जात नाही. अनोळखी माणसाला फोन करायचा असेल तर बोलायची वाक्यं आधी कागदावर लिहून घेते. तरी गेले, कारण नाही म्हणण्यासाठीसुद्धा फोनच करावा लागला असता.

अहवालात मी लिहिलं होतं: "लेखन उत्तम. बोलण्यात दोन मोठे दोष. समोरच्या रुग्णाला आदराने संबोधत नाही, तो तिथे नसल्यासारखं त्याच्याविषयी बोलते आणि नजर खिडकीकडे ठेवते. भविष्यकाळ तोंडाने वापरत नाही. या तुकडीसाठी शिफारस नाही." वर 'कच्चा मसुदा' असं लिहून तो मी कार्यालयात पाठवून दिला. परीक्षा झाली की तारीख घालायची, एवढंच उरलं होतं.

पहिल्या दोषाबद्दल थोडं सांगायला हवं. इटालियनमध्ये वडीलधाऱ्या किंवा परक्या माणसाला 'तू' म्हणत नाहीत, 'लेई' म्हणतात. 'लेई'चा मूळ अर्थ 'ती'. क्रियापदही तसंच येतं. म्हणजे समोर बसलेल्या आजोबांना 'कसे आहात' विचारायचं तर शब्दशः 'ती कशी आहे' असं विचारायचं. मी शाळेपासून सगळं इंग्रजीतून शिकले, इटालियनही इंग्रजीतूनच. इंग्रजीत लहान-मोठ्या सगळ्यांना एकच 'यू'. त्यामुळे वर्गात मी दर वेळी हेच सांगायचे, की हा प्रकार विचित्र आहे, कारण विचारू नका, पाठ करा.

परभणीला गाडी सकाळी पोचली. ऑक्टोबरचं ऊन स्टेशनाबाहेर पाऊल ठेवताच डोक्यावर आलं. रिक्षावाल्याने बसस्टँडवर सोडताना सांगितलं, "बाई, उपाशी नका जाऊ. समोरच्या गाड्यावर सुशीला खाऊन घ्या." सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना शेंगदाणे, कांदा आणि हिरव्या मिरचीची फोडणी. मिरची दिसत नाही, नंतर कळते. पाण्याची अर्धी बाटली संपवून मी जिंतूरची बस पकडली.

शेजारी एक बाई येऊन बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत कढीपत्त्याची जुडी. परभणीचं शेवटचं घर मागे पडायच्या आत त्यांनी माझं गाव, शिक्षण, वडिलांचा धंदा आणि भावांची संख्या काढून घेतली.

"लग्न झालं का?"

"नाही."

"कामून?" (म्हणजे 'का?')

या प्रश्नासाठी माझ्याकडे लिहून ठेवलेलं वाक्य नव्हतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. सोयाबीन काढून झालं होतं. काळ्या रानात ताडपत्रीने झाकलेल्या गंजी होत्या, मधूनच एखादं मळणीयंत्र धुरळा उडवत होतं, आणि कपाशीची बोंडं नुकती फुटायला लागली होती. जिंतूर जवळ येईल तशी जमीन वर-खाली होऊ लागली.

बाईंनी उत्तराचा नाद सोडला आणि विचारलं, "कोणाकडं जायल्या?"

मी गावाचं आणि मनीषाचं नाव सांगितलं.

"इंजेक्शनवाल्या सुनंकडं व्हय," त्या म्हणाल्या. "लय गुणाची हाय. सासऱ्याचा पाय तिनंच वाचिवला. डॉक्टर कापायचा म्हणले होते. साखर हाय न्हवं त्यांला. रोज दोन टाइम पट्टी करती, दोन टाइम सुई देती. ती नसती तर म्हातारा आज कुबड्यांवर असता."

घर सोडून का येता येत नाही हे मनीषाने मला कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. निरोप वाचून मी मनात फक्त 'सबब' हा शब्द ठेवला होता.

जिंतूरच्या स्टँडवर मनीषा स्कूटी घेऊन उभी होती. पडद्यावर ती मला चाळिशीची वाटायची. प्रत्यक्षात तिशीतली, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, उंच, हसरी. माझी पिशवी पायांपाशी ठेवत ती म्हणाली, "बसा मॅडम, घट्ट धरा, रस्ता लय खराब हाय," आणि गावापर्यंतचे दहा-बारा किलोमीटर सतत बोलत राहिली. दवाखान्यातले पेशंट, माहेरचं गाव, सासूच्या हातचे धपाटे. वर्गात दोन शब्दांनंतर अडखळणारी बाई ती हीच यावर माझा विश्वास बसेना.

गावाच्या वेशीपाशी तिने स्कूटी थांबवली, ओढणी डोक्यावरून घेतली आणि गप्प झाली. घर येईपर्यंत पुन्हा बोलली नाही.

घर पत्र्याचं, पुढे ओसरी, अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं. ओसरीत बाजेवर मनीषाचे सासरे बसले होते. इकडे सुना सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामा एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. उजवा पाय स्टुलावर, अंगठ्याभोवती पट्टी. "या मॅडम," ते म्हणाले, "आवाज वळकीचा हाय तुमचा." मला वाटलं, म्हणायची पद्धत असेल.

पट्टीची वेळ झाली होती. मनीषाने हात धुतले, खाली बसली, त्यांचं पाऊल मांडीवर घेतलं आणि पट्टी उलगडली. इतक्या हलक्या हाताने मी कुणाला काही करताना पाहिलेलं नाही. मग ती दाराकडे तोंड करून म्हणाली, "दुखायलंय का, म्हणावं."

मी दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं.

मामा अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे बघत म्हणाले, "कालच्यापरीस कमी हाय, म्हणावं."

"झोप लागली का रात्री."

"लागली. येकदा जाग आली, म्हणावं."

"बोटाला मुंग्या येत्यात का."

"त्या येत्यात."

तिची बोटं त्यांच्या जखमेवर आणि शब्द मात्र दारावरून, झाडावरून जाणारे. दोघांपैकी कुणालाच यात वेगळं काही वाटत नव्हतं. आत्याबाई सूप घेऊन बाहेर आल्या, माझा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "सून कुठं सासऱ्याच्या तोंडासमोर बोलती का? तुमच्या पुण्यात बोलतेत का?"

 मला माझ्याच अहवालातलं वाक्य ऐकू येत होतं. तो तिथे नसल्यासारखं त्याच्याविषयी बोलते. रुग्णाशी बोलण्याचा सराव करताना मनीषा नेहमी म्हणायची, "इल सिन्योरे आ दोलोरे?" म्हणजे, त्या गृहस्थांना वेदना आहेत का? मी दर वेळी तिला अडवायचे. रुग्णाकडे बघ, थेट बोल. एकदा सगळ्या वर्गासमोर इंग्रजीत विचारलं होतं, "कुणाला विचारतेयस, भिंतीला?" बाकीच्या हसल्या होत्या. तीही हसली होती.

आतल्या खोलीत तिने मला तिची वर्गाची जागा दाखवली. ओसरीकडे उघडणारी खिडकी, तिचे निळे गज. हे गज मी आठ महिने तिच्या खांद्याशेजारी, पडद्याच्या कडेला पाहिले होते. घरात फोनला रेंज फक्त या खिडकीशी येते. खिडकीच्या पलीकडे, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर, मामांची बाज होती.

जेवायला भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाची चटणी. मामांचं ताट ओसरीत गेलं, आम्ही तिघी आत बसलो. आत्याबाई आग्रहाने वाढत होत्या. म्हणाल्या, "बाई, कोर्स संपला की पगार वाढंल म्हणती ही. कवा संपायलाय?"

सरळ प्रश्न होता. दिवसभरात मला उत्तर येत असलेला तो पहिलाच प्रश्न होता, म्हणून मी लगेच दिलं. "आता शेवटचाच टप्पा. यादीत नाव आलं तर जानेवारीत जातील त्या. सुरुवातीला थंडी जरा सोसावी लागेल."

"कुठं जाईल?"

"इटलीला."

मनीषाचा हात ताटात थांबला. मी काय केलं ते मला तेव्हा कळलं.

"मने," आत्याबाई म्हणाल्या, "हे कुठं आलं?"

मनीषाने मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडला.

"किती दिवसाचं हाय?"

"दोन वर्षांचा करार असतो," मी म्हणाले. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं असं मला वाटत होतं. गप्प बसणं हे एकच काम मला आयुष्यात नीट जमतं, आणि नेमकं त्या दिवशी जमलं नाही.

आत्याबाईंनी हातातली भाकरी टोपलीत परत ठेवली. "आन ह्यांच्या पायाचं?" एवढं म्हणून त्या उठल्या, अंगणात गेल्या आणि पायाने सोयाबीन खालीवर करू लागल्या. ते सकाळीच खालीवर करून झालं होतं.

मागच्या दारी हौदाशी मनीषाने माझ्या हातावर पाणी घातलं. मी माफी मागायला सुरुवात केली. वाक्य इंग्रजीत सुरू झालं, ते सोडून मराठीत आले.

"ह्यांनी घरी सांगतो म्हणलेलं मॅडम," ती म्हणाली. 'हे' म्हणजे तिचा नवरा. पुण्याजवळच्या एका कंपनीत गाडी चालवतो, महिन्यातून एकदा येतो. "आठ महिने झाले, पुढच्या बारीला सांगतोच म्हणायलेत."

"मला आधी सांगायचं होतं तुम्ही."

"तुमी इतक्या कमी बोलता. मला वाटलं, तुमच्याकडनं काय धोका न्हाई."

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी विचारलं, "भविष्यकाळ तुम्ही का बोलत नाही? वहीत तर एक चूक नसते."

तिने हौदाच्या काठावरचा साबण उगाच सरळ ठेवला. "खिडकीपल्याड मामा असायचे. त्यांच्या कानावर 'मी जाईन' कसं घालू? भाषा कोणची का असंना. जायचं ते जायचंच की."

 अहवालातला दुसरा दोषही खोटा ठरला होता. तिला तो काळ येत नव्हता असं नव्हतं. तो काळ तिच्या तोंडून पायावर पट्टी असलेल्या माणसाच्या कानात जाणार होता.

परीक्षा मात्र घ्यायचीच होती, आणि माझी परतीची बस चारची होती. आम्ही खिडकीशी बसलो. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि ठरलेला पहिला प्रश्न विचारला. "दोवे आंद्रा?" कुठे जाणार आपण? तिने खिडकीकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलं. तिची बोटं वहीच्या कडेवरून फिरत होती.

तेव्हा गजांपलीकडून आवाज आला. "आंद्रो."

आम्ही दोघी जागच्या जागी बसून राहिलो.

"आंद्रो म्हणायचं असतंय तिथं," मामा म्हणाले. आणि मग परभणी ते जिंतूर थांबे सांगावेत तशा सुरात, एका दमात, "आंद्रो, आंद्राय, आंद्रा, आंद्रेमो, आंद्रेते, आंद्रान्नो."

'मी जाईन'पासून 'ते जातील'पर्यंत सहाही रूपं बरोबर होती. माझ्या वर्गातल्या दोघींना ती अजून येत नाहीत.

मी ओसरीत गेले. काय विचारायचं होतं ते माहीत नव्हतं, तरी गेले. मामा बाजेवर तसेच बसून होते.

"तुम्हाला याचा अर्थ कळतो?"

"तुमीच सांगितला न्हवं. दर बारीला म्हणायच्या, आय विल गो, आय विल गो. गो म्हंजी जाणे. इतकं इंग्रजी कंडक्टरला येतंय." ते जरा थांबले. "आखाडातच उमगलं मला. एवढं घोकून घोकून जायचं शिकायलेत, तर कुठंतरी जायचंच असंल."

"मग तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"कोणाला बोलू? त्यांच्याशी मला बोलता येत न्हाई. हिला सांगावं तर गावाला कळतंय." त्यांच्याशी म्हणजे सुनेशी, हिला म्हणजे आत्याबाईंना. त्यांनी उशीखाली हात घालून एक मोसंबी काढली. सालीवर बारीक बारीक भोकं होती. सोबत इन्शुलिनची एक सुई. "सा दिवस झाले, टोचून बघायलोय. मोसंबीत जाती सरळ. पोटाला लावायचं धाडस व्हईना अजून."

माझ्या मागून मनीषा बाहेर आली होती. तिने मोसंबी पाहिली, सुई पाहिली, आणि तिचा आवाज एकदम दवाखान्यातला झाला. "ती सुई कुठली? वापरलेली हाय ना? एकदा वापरली की टाकायची असती, कितीदा सांगितलंय तुम्हाला. पायाचं कमी झालंय तर पोटात गाठ करून घेताव का आता?"

अंगणात सोयाबीनमध्ये फिरणारे पाय थांबले.

मनीषाच्या लक्षात आलं तेव्हा तिचा हात ओढणीकडे गेला. ओढणी खांद्यावर घसरलेली होती. ती तिने पुन्हा डोक्यावर ओढली आणि दाराच्या आत सरकली. मामांनी सुई निमूट स्टुलावर ठेवली. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि सुनेचं त्यांच्या तोंडावरचं पहिलं बोलणं म्हणजे ही दमदाटी.  मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आता बोलल्याच हायत तर परीक्षा बी हितंच होऊ द्या, म्हणावं. म्हातारा पेशंट लागतोय न्हवं? हा काय बसलाय."

मी दाराकडे तोंड करून म्हणाले, "मनीषाताई, बाहेर या." मी कुणाला काही करायला सांगते आहे, हे मलाच नवं होतं.

जेवणानंतरची साखर तपासायची होतीच. ती यंत्र घेऊन आली, खाली बसली, त्यांचा हात हातात घेतला. मी रेकॉर्डिंग लावलं.  मग तिने मान वर केली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, "ले फा माले इल पियेदे?" आपला पाय दुखतो का?

"नो," मामा म्हणाले.

"आ दोर्मितो बेने?" नीट झोपलात का?

"सी."

ती विचारत गेली. एकही क्रियापद चुकलं नाही. कसं चुकेल? सकाळी दाराला उद्देशून जे विचारत होती तेच हे. म्हणावं, दुखतंय का. झोप लागली का. माणूस समोर बसलेला, क्रियापद मात्र तो दूर कुठे असल्यासारखं. तिला ते चार वर्षांपासून येत होतं. न समजलेली मी होते. विचित्र आहे, पाठ करा, असं मी तिला आठ महिने शिकवत होते.

बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेताना ती म्हणाली, "दोमानी ले फारा मेनो माले." उद्या कमी दुखेल आपल्याला. आम्ही दोघींनीही तो भविष्यकाळ ऐकला.

मी ठरलेला शेवटचा प्रश्न विचारला. "ए लेई, दोवे आंद्रा?"

तिने त्यांचा हात सोडला नाही. "आंद्रो इन इतालिया," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट आला आहे.

मामांनी झाडाकडे पाहिलं. "पायाची काळजी नगं म्हणावं त्यांला. माझा मी बघतो."

"तुमी बघता," आत्याबाई अंगणातून म्हणाल्या. हातात झाडू होता. "मोसंबी टोचून बघता. सगळ्यांला ठाऊक, मलाच तेवढं न्हाई."

"तुला सांगितलं असतं तर परभणीपर्यंत थांब्या-थांब्यावर कळलं असतं."

"व्हय, मला तोंड लय मोठं. आन हात न्हाईत व्हय मला? चार वर्षं ही पट्टी करायलीय, येकानं तरी म्हणलं का, बस हितं, बघ कशी करतेत?" त्या मनीषाकडे वळल्या. "जा म्हणले न्हाई मी अजून. ते पोराशी बोलून बघते. पण संध्याकाळची पट्टी मी करणार. तू नुसती उभी ऱ्हा."

मनीषा म्हणाली, "आधी हात धुवा, आत्याबाई."

"धुते की. मला काय घाण समजती का?"

यापुढचं मला बघायला मिळालं नाही. मनीषाने मला जिंतूरला सोडलं.  स्टँडवर उतरल्यावर तिने एवढंच विचारलं, "मॅडम, यादीत येईल का नाव?" मी म्हणाले, येईल. पूर्ण खात्रीने म्हणाले. आपण भविष्यकाळ किती सहज वापरतो, याचा विचार तेव्हा मनात आला नाही.

बसमध्ये बसून मी नवा अहवाल लिहिला, जुना रद्द समजावा असं वर लिहिलं, रेकॉर्डिंग जोडलं आणि पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं. यादी सकाळीच इटलीला गेली होती. मनीषाची जागा माझ्या कच्च्या मसुद्यावरून दुसऱ्या तुकडीतल्या एकीला दिली होती.

मी ते तीनदा वाचलं. मग फोन लावला. कागदावर काही लिहून न घेता. बस भरलेली होती, उभ्या माणसांचे कोपर माझ्या खांद्याला लागत होते, आणि मी कार्यालयातल्या साहेबांना मोठ्या आवाजात सांगत होते, की चूक त्या बाईंची नाही, माझी आहे. मला दिसत होतं ते कळत नव्हतं.

"पण मॅडम, तुम्हीच लिहिलं होतं ना?" ते म्हणाले.

"हो, मीच लिहिलं होतं."

"आता जागा भरली. फार तर जूनच्या तुकडीत पहिलं नाव घालतो."

"ते मला आत्ता लिहून पाठवा," मी म्हणाले, आणि पाठवेपर्यंत फोन ठेवला नाही. शेजारचे गृहस्थ पान चघळायचे थांबले होते. परभणी येईपर्यंत त्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं की भीतीने, ते सांगता येणार नाही.

मनीषाला हे कळवायला मला पुण्याला पोचून दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. सगळं लिहिलं, जुन्या अहवालातली वाक्यंही जशीच्या तशी लिहिली. जानेवारी माझ्यामुळे गेला हे लपवलं नाही. ती रागावेल, निदान गप्प बसेल, असं वाटलं होतं. उत्तर लगेच आलं.

"चालेल मॅडम. जूनपर्यंत आत्याबाईंचा हात बसेल पट्टीला. काल अर्धा गठ्ठा कापूस वापरला त्यांनी. मामांचं काही खरं नाही."

त्या आठवड्यात वर्गाला मी नेहमीसारखी बसले, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मराठीत विचारलं, की घरात मोठ्या माणसांशी तुम्ही कसं बोलता.  मग एकेक जण बोलू लागली. कोणी सासऱ्यांना विचारायचं ते मुलीला सांगते, कोणी हाक मारण्याऐवजी भांडं आपटते, एकीने सांगितलं की तिने गेल्या सहा वर्षांत दिराला थेट हाक मारलेली नाही. तासभर मी ऐकत होते. यांतल्या प्रत्येकीच्या अहवालात बोलण्यातला दोष म्हणून मी काहीतरी लिहिलेलं होतं.